अंताचा बाप्तिस्मा

फेल्डहोवन
६ ऑक्टोबर २०२४

अनंत,

'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद' लिहावं असं आपल्यात काही राहिलेलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. पंधरा वर्षांनी थोरल्या भावाचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. माझ्या मुलीला तू कधीपासून भेटतोयस?

नाही म्हणू नकोस. चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या इथल्या कंपनीत मी सतरा वर्षं बिघाड शोधायचं काम करतोय. यंत्र का बंद पडलं ते सांगायला जो सगळ्यात आधी धावत येतो, त्याच्यावर मी सगळ्यात आधी संशय घेतो. घरातही माझं तेच चालतं असं रूपालीचं म्हणणं आहे. असू दे. संशय घेतल्याशिवाय बिघाड सापडत नाही.

ज्ञानदा आमची एकुलती एक. तू तिला पाहिलेलं नाहीस, निदान मी तरी दाखवलेलं नाही. बावीस वर्षांची आहे, लायडनच्या विद्यापीठात पुरातत्त्व शिकते, तिथेच खोली घेऊन राहते आणि दोन आठवड्यांनी एकदा कपडे धुवायला आणि आमटी-भात खायला घरी येते. वर्षभरात ती तीन वेळा पोर्तुगालला जाऊन आली. विचारलं की म्हणते, 'फील्डवर्क.' बरं, म्हटलं. पण मागच्या रविवारी ती परत गेली आणि आमच्या प्रिंटरवर तिचा एक कागद राहिला. निबंधाचं पहिलं पान. वर मोठ्या अक्षरांत डच मथळा होता: 'अंता: बख्राव्हन, फरखेटन, खडोप्ट.'

माझं डच भाजी आणण्यापुरतं आहे. पुढचे तीन शब्द मी फोनमध्ये घातले. पुरला, विसरला, बाप्तिस्मा दिला.

मी प्रिंटरपाशी तसाच उभा राहिलो. रूपाली म्हणाली, चहा गार होतोय.

तुला अंता म्हणणारी माणसं या जगात तीन होती: आई, शोभामावशी आणि मी. आई गेली. मी ते नाव पंधरा वर्षांत तोंडातून काढलेलं नाही. तुझा बाप्तिस्मा झाला हे माहीत असलेली माणसं आमच्या या घरात दोनच, मी आणि रूपाली. आपल्याला एक काका आहे हेच आम्ही ज्ञानदाला कधी सांगितलेलं नाही. मग हे नाव तिच्या कागदावर आलं कुठून?

मी हिशेब जुळवला तो असा. फिलोमिना मडगावची. गोव्यातल्या पुष्कळांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो हे काही गुपित नाही. तू तिच्याशी लग्न केलंस, आंतोन झालास (म्हणजे 'अंता' दोन्हीकडे चालून गेलं, सोय झाली), आणि कधीतरी बायकोमागून लिस्बनला गेलास. तिथे कुणीतरी तुला सांगितलं की तुझी पुतणी हॉलंडात शिकते. आणि तू तिला गाठलंस. ती आता तुझी कहाणी लिहितेय. कुटुंबाने पुरलेला, विसरलेला भाऊ. छान विषय आहे, प्राध्यापक खूश होतील.

तुझा लिस्बनचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे फिलोमिनाच्या माहेरी पाठवतोय. पुढे पोचतं करतीलच.

तिला तू आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल काय सांगितलंस ते मला सरळ कळव. तुला माहीत असलेलं इतकंच आहे: आईची इच्छा नव्हती म्हणून तुला बोलावलं नाही. मी तेव्हा फोनवर सांगितलं तेच. शोभामावशीने तुला मागाहून वेगळं काही सांगितलं असेल, तर ती तेव्हाच सत्तरीला आली होती आणि तिला इस्पितळात धड झोपही मिळत नव्हती. तिचं मनावर घेऊ नकोस. माझी मुलगी मला ओळखते ती एक सरळ माणूस म्हणून. ते बिघडवायचा तुला काही अधिकार नाही.

जयप्रकाश


फेल्डहोवन
१९ ऑक्टोबर २०२४

अनंत,

तुझं उत्तर इतक्यात येणार नाही हे मला कळतं. इथे पोस्टाचं काम पुस्तकांच्या दुकानात चालतं. तिथली बाई म्हणाली, भारतात पोचायला दोन आठवडे धरा. पण मला थांबवत नाही.

काल ज्ञानदा घरी आली होती. मी काही बोललो नाही. मुद्दामच. आधी बघायचं, मग बोलायचं. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तिने एकवीस ते पंचवीस तारखेवर रेघ मारून वर लिहिलंय, 'अंता'. माझ्या नाकासमोर. इतका उघडपणा मला आणखीच संशयास्पद वाटला. लपवणारं माणूस एकतर पूर्ण लपवतं, नाहीतर सगळं उघड्यावर मांडतं, म्हणजे कुणी विचारणारच नाही.

संध्याकाळी ती जिन्यावर बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनर ठेवत होतो. ठेवायला जरा वेळ लावला. ती मैत्रिणीशी इंग्रजीत बोलते, मध्येच डच. सगळं कळलं नाही, पण जे कळलं ते लिहितो.

"पूअर अंता! वन साइड कम्प्लीटली गॉन." मग थोडं डच. मग, "आधार लावून उभं ठेवलंय फक्त," असं काहीतरी. मग, "नोबडी लुक्ड आफ्टर, फॉर इयर्स अँड इयर्स." आणि शेवटी एक वाक्य अगदी स्पष्ट, मराठीत सांगायचं तर: "ऑनेस्टली, चर्चने घेतलं म्हणून वाचलं. नाहीतर काहीच उरलं नसतं."

अनंत, तुला अर्धांगवायूचा झटका आलाय का?

हे विचारायला मी पत्र लिहायला बसलो नव्हतो. मी तुला बजावायला बसलो होतो की एकवीस तारखेला तिला भेटू नकोस. पण रात्रभर तेच डोक्यात होतं. तुझं वय त्रेपन्न. आपल्या घरात हे आहेच. आईचंही तसंच झालं होतं. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, तरी उजव्या हाताने चादर चाचपत सारखं तुझंच विचारत होती. डॉक्टर म्हणाले होते, मुलांनी रक्तदाब बघत राहावं. मी दर तीन महिन्यांनी बघतो. तुला हे कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे.

तुला कोण सांभाळतं? चर्चने सांभाळलं म्हणते. सांभाळलं असेल, त्यांचे आभार. पण मग ते वाक्य ती मोठ्याने म्हणाली कशासाठी? मी जिन्याखाली आहे हे तिला माहीत होतं का? 'नोबडी लुक्ड आफ्टर' हे मला ऐकवायला होतं का? आजारी माणसाला पुढे करून तू माझ्या मुलीची सहानुभूती मिळवतोयस असं मला म्हणायचं नाही. पण तसं होतंय.

रूपालीला मी सगळं सांगितलं. ती पाळणाघरात नोकरी करते, दिवसभर लहान मुलांची भांडणं सोडवते, त्यामुळे घरी आल्यावर तिच्याकडे धीर उरत नाही. म्हणाली, "तुम्हीच का नाही सांगत तिला एकदा? एक काका आहे म्हणायला काय जातं?"

"आणि मग पुढचं विचारलं तर?"

"मग पुढचं सांगा."

तिला पुढचं माहीत नाही. तिलाही मी फोनवर तुला सांगितलं तेवढंच सांगितलंय.

औषधं वेळेवर घेत जा.

जयप्रकाश


फेल्डहोवन
३ नोव्हेंबर २०२४

अनंत,

आधीची दोन्ही पत्रं न वाचता फाडून टाक. वाचली असशील तर विसरून जा. झालं ते सांगतो, हसायचं तर हस.

गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि न कळवता लायडनला गेलो. ज्ञानदा पोर्तुगालहून परतली होती. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये ती मला बघून आधी घाबरलीच. "आई बरी आहे ना?" मी म्हटलं, आई बरी आहे, बस. तिने मला चीजचं सँडविच आणून दिलं. मी ते बाजूला सारलं.

"तुझ्या काकाची तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"विच काका?"

"अंताकाका."

 ती म्हणाली, "बाबा, हू टोल्ड यू अबाउट अंता?"

बघ, म्हटलं मनात, सापडली. "मला सगळं कळलंय. एक बाजू गेलीय. चर्चने सांभाळलं. मला फक्त एवढंच सांग, चर्चने कधी घेतलं?"

"सतराव्या शतकात," ती म्हणाली.

  मग तिने लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवला आणि अगदी हळू, आजारी माणसाशी बोलतात तशी बोलली, "बाबा, अंता इज नॉट अ पर्सन."

अंता म्हणजे दगड, अनंत. पोर्तुगीज भाषेत अंता म्हणजे उभ्या शिळा आणि वर आडवी शिळा ठेवून केलेलं थडगं. पाच-सहा हजार वर्षांपूर्वीचं. आत माणसं पुरायचे आणि वर माती लोटायचे. इथे उत्तरेला द्रेंथमध्ये असल्याच शिळांची थडगी आहेत, शाळेची सहल गेली होती तेव्हा ज्ञानदा त्यांवर चढून बसली होती, तो फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे. पण पोर्तुगालमधल्या काहींचं पुढे वेगळंच झालं. कुणाला पुरलं ते लोक विसरले. माती वाहून गेली. मग कधीतरी गावकऱ्यांनी त्याच शिळांना चुना लावला, वर क्रूस बसवला, आत वेदी मांडली आणि प्रार्थनामंदिर केलं. तिने फोटो दाखवले. पाव्हिया नावाच्या गावात भर चौकात एक आहे, ग्रॅनाइटच्या थोराड शिळा आणि मधे इवलंसं दार. दुसरं एक साँव ब्रिसुशचं, पांढरंशुभ्र, खाली निळा पट्टा. तिसरं माळावरचं, ते मंदिर आता वापरात नाही, त्याची एक बाजू कोसळलीय, लोखंडी टेकू लावून धरलंय. तोच तुझा अर्धांगवायू.

आजूबाजूच्या थडग्यांच्या शिळा लोकांनी घरं बांधायला फोडून नेल्या म्हणे. ज्यांना चर्चने आपलं म्हटलं तीच टिकली. पुरला, विसरला, बाप्तिस्मा दिला. पोरीने मथळा मात्र झकास केलाय.

मला हसू यायला हवं होतं. आलंही थोडं. महिन्याभराचं ओझं उतरलं म्हणून मी ते सँडविच घेतलं आणि खायला लागलो. तेवढ्यात तिने विचारलं, "बाबा, बट हू इज अंताकाका?"

सतरा वर्षं बिघाड शोधतोय, पण स्वतःच्या हाताने असा बिघाड कधी केला नव्हता. मी म्हटलं, माझा धाकटा भाऊ. गोव्याला असतो. म्हणाली, आहे की होता? म्हटलं, आहे. म्हणाली, मला बावीस वर्षं एक काका होता आणि तुम्ही दोघांनी मला सांगितलं नाही? मग तू ख्रिश्चन झालास ते सांगितलं. ती म्हणाली, "सो?"  या 'सो'वर वीस वर्षांपूर्वी मी पानंच्या पानं लिहिली असती.

मग तिने तेच विचारलं जे विचारू नये म्हणून मी एवढी वर्षं तुझं नाव घेतलं नाही. आजी गेली तेव्हा ती सात वर्षांची होती, मी एकटाच ठाण्याला गेलो होतो हे तिला आठवतं. "आजी आजारी होती तेव्हा काका आला नाही?"

"आजीलाच तो यायला नको होता."

"डिड आजी से दॅट?"

"हो."

ती माझ्याकडे बघत होती. आमच्या कंपनीत नवीन पोरं खोटा अहवाल आणतात तेव्हा मी त्यांच्याकडे बघतो, तसंच. मुलगी माझी आहे यात काही शंका नाही.

ती तुझा पत्ता शोधणार. फोनवर शोधेल, सापडेल. म्हणून हे लिहितोय. तुला तिचं पत्र आलं तर जे मी तेव्हा सांगितलं तेच सांग, की आईची इच्छा नव्हती. आपण दोघं एकच सांगितलं की विषय संपतो. आणि माझं दुसरं पत्र फाडलंस ना, ते नक्की कळव. त्यात मी घाईत काहीतरी लिहून बसलोय असं मला परवापासून वाटतंय. मी प्रत ठेवलेली नाही.

तू धडधाकट आहेस हे कळल्यावर बरं वाटलं, तेही लिहितो. म्हणजे, तू धडधाकट आहेस असं मी धरून चाललोय.

जयप्रकाश


फेल्डहोवन
१ डिसेंबर २०२४

प्रिय अंता,

तुझं पत्र मंगळवारी आलं. माझं तिसरं पत्र तुला मिळायच्या आधीच तू ते लिहिलंस. दोन्ही वाटेत कुठेतरी एकमेकांना चुकवून गेली. पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं. 'ज'चं शेपूट अजून खालच्या ओळीत जातं.

मला वाटलं होतं तू भांडशील. मी तुझ्यावर इतके आरोप केले आणि तू चार ओळींत उत्तर दिलंस. मडगावातच असतोस, लिस्बन बघितलेलं नाहीस. शाळेत गणित शिकवतोस. दोन्ही हात चालतात. ज्ञानदा हे नाव पहिल्यांदाच वाचलंस आणि आवडलं. एवढंच. आणि मग लिहिलंस: 'दादा, दुसऱ्या पत्रात तू लिहिलंयस की आई माझं विचारत होती. फोनवर तू सांगितलं होतंस, तिने माझं नाव घ्यायचं नाही असं बजावलंय. यातलं खरं काय? आणि विचारत होती तर काय विचारत होती? तिचे शब्द आठवत असतील तर लिही.'

चार दिवस मी ते पत्र खिशात घेऊन फिरलो. कामावरही नेलं. पहिल्या दिवशी संशय घेतला की तू मला शब्दांत पकडतोयस. दुसऱ्या दिवशी, की फिलोमिनाने सांगून लिहून घेतलं असेल. तिसऱ्या दिवशी संशय घ्यायला काही उरलं नाही.

आठवतात तिचे शब्द. मी पोचलो तो बुधवार होता. शोभामावशी पलंगाशी बसली होती. आईने दाराकडे बघितलं, माझ्याकडे, मग माझ्या मागे. म्हणाली, "अंता जेवून येणारे, की त्याच्यासाठी ठेवायचं?" जीभ जड झाली होती तरी एवढं नीट म्हणाली. इस्पितळात होती, पण तिला घरीच असल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, कळवतो त्याला. गुरुवारी सकाळी पुन्हा तेच. दुपारी पुन्हा. मावशी मला म्हणाली, जयप्रकाश, फोन कर रे त्याला, एका रात्रीत येईल. मी बाहेर व्हरांड्यात गेलो, फोन हातात धरला आणि परत आत आलो.

का, ते लिहितो. धर्माचं मी सगळ्यांना सांगितलं, तेव्हा मलाही ते पटलं होतं. पण कारण ते नव्हतं. मी हॉलंडहून आलो होतो, दोन विमानं बदलून. तुझं लग्न झाल्यापासून तिला मीच बघत होतो. आणि ती दार बघत होती ते तुझ्यासाठी. तू आला असतास तर ती उठून बसली असती असं मला वाटलं, आणि ते मला सहन होणार नव्हतं. मत्सर होता, अंता. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, आणि मला धाकट्या भावाचा मत्सर वाटत होता.

शुक्रवारी तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "तो येत नाही म्हणाला."

 मावशी उठून बाहेर गेली, ती माझ्याशी त्यानंतर कधी धड बोलली नाही. आईने मात्र मग विचारलं नाही. शनिवारी दिवसभर नाही. रविवारी पहाटे गेली. मी तुला सोमवारी, सगळं आटोपल्यावर फोन केला आणि जे सांगितलं ते सांगितलं. तू म्हणालास, "बरं." एवढंच म्हणालास आणि फोन ठेवलास. त्या 'बरं'वर मी इतकी वर्षं राग धरला, की याला काही वाटलंच नाही. राग धरल्याशिवाय मला जमलंच नसतं.

हे पत्र पोस्टात टाकायच्या आधी ज्ञानदाने वाचावं असं ठरवलं. पण तिला मराठी कळतं, वाचता येत नाही. शिकवायचं राहून गेलं. म्हणजे मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. काल दुपारी, स्वयंपाकघरात. रूपाली ओट्याला टेकून उभी होती. वर लिहिलंय ते सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. 'तो येत नाही म्हणाला' इथे थांबलो, तेव्हा ज्ञानदा म्हणाली, "वाचा." एरवी ती माझ्याशी निम्मं इंग्रजीतच बोलते.

संपल्यावर रूपाली वरच्या खोलीत गेली. ज्ञानदाने विचारलं, "सो शी डाइड थिंकिंग ही रिफ्यूज्ड?"

मी हो म्हटलं.

 मला वाटलं होतं ओरडेल. तिने कोट घातला, सायकल काढली आणि स्टेशनवर गेली, रूपालीने भरून ठेवलेले जेवणाचे डबे न घेताच. दारातून मागे वळून म्हणाली, काकाचा पत्ता इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवा. मी पाठवला. तिने उत्तर दिलेलं नाही. फोनही उचलत नाही. माझ्यावरचा तिचा विश्वास गेला, आणि तो तू घालवला नाहीस.

ती नाताळच्या सुट्टीत तिकडे येईल असा माझा अंदाज आहे. आली तर जे विचारेल त्याचं खरं उत्तर दे. माझी बाजू सावरू नकोस, तुझा तो स्वभाव आहे म्हणून सांगतो. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. एकच गोष्ट तुझ्याकडे परत पोचवायची होती, ती पोचवली. तुला दूर ठेवलं ते मी. एकट्याने. त्यात आई नव्हती.

दादा